अदी तारापोर आणि आमचा मॅप

शनिवारी रात्री मेसचं जेवण झालं की आमच्या मजल्यावर चार लॅपटॉप एका स्विचला जोडले जातात आणि दुसरं महायुद्ध नव्याने सुरू होतं. रस्त्यापलीकडे भिवंडीचे यंत्रमाग रात्रभर खडखडत असतात, त्यामुळे आमच्या तोफांचा आवाज रेक्टर सरांपर्यंत पोहोचत नाही असा आमचा समज आहे. (सर, परीक्षेच्या आठवड्यात खेळत नाही हं!)

माझा डाव ठरलेला. सगळ्यात लहान मॅप निवडायचा, बाकी काही न बांधता सगळे पैसे रणगाड्यांत घालायचे आणि दहाव्या मिनिटाला एकाच जागी दहा-बारा रणगाडे घुसवायचे. समोरचा गार! रूममेटला हे अजिबात पटत नाही. त्याचं म्हणणं, लहान मॅपवर फळी फोडण्यात काय अक्कल, फोडली की लगेच मॅपच संपतो. एकदा त्याने मोठा मॅप लावला. मी फळी फोडली, जोशात पुढे गेलो आणि... इंधन संपलं. मागे पायदळही नाही. त्याने एकेक रणगाडा आरामात टिपला. तेव्हापासून मॅप लहान की मोठा हा वाद नाश्त्याच्या रांगेतही चालू असतो.

या वादापायीच मी खऱ्या लढाया वाचायला लागलो आणि लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर यांच्यापाशी येऊन थांबलो. परमवीर चक्राच्या यादीतलं एक नाव, एवढीच तोवरची ओळख.

आडनाव आपल्याच भागातलं. तारापूर म्हणजे जुन्या ठाणे जिल्ह्यातलं, आता पालघरमधलं, अणुवीज केंद्राचं गाव. घराण्यात सांगतात की रतनजीबा नावाचे पूर्वज छत्रपती शिवाजी महाराजांच्या सैन्यात होते आणि त्यांना शंभर गावं इनाम मिळाली, त्यातलं मुख्य तारापूर. अदींचा जन्म १८ ऑगस्ट १९२३ चा, मुंबईत. सातव्या वर्षी त्यांना पुण्याच्या सरदार दस्तूर शाळेच्या बोर्डिंगात ठेवलं. म्हणजे ते आपल्यासारखेच होस्टेलवाले, फक्त आपल्यापेक्षा दहा-अकरा वर्षं आधीपासून!

१९४२ मध्ये ते हैदराबाद संस्थानच्या पायदळात अधिकारी झाले. मन मात्र रमेना, त्यांना हवे होते रणगाडे. संधी आली ती अशी. सराव चालू असताना एका नव्या शिपायाच्या हातून ग्रेनेड नीट फेकला गेला नाही, तो तिथेच पडला. तारापोरांनी उडी मारून तो उचलला आणि लांब भिरकावला. तो फुटला आणि तुकडे त्यांच्या छातीत घुसले. संस्थानचे सेनापती एल एद्रूस हे पाहत होते. त्यांनी बोलावून कौतुक केलं, तेव्हा तारापोरांनी बक्षीस म्हणून मागितली ती चिलखती दलात बदली. (आम्ही असतो तर सुट्टी मागितली असती.) बदली मिळाली. महायुद्धात मध्यपूर्वेत जाऊन आले, पुढे संस्थान विलीन झालं आणि १९५१ मध्ये ते भारतीय सेनेच्या पूना हॉर्समध्ये दाखल झाले.

ही रेजिमेंट मुळात घोडदळ. १८१७ मध्ये पेशव्यांशी झालेल्या पुणे करारातून उभी राहिलेली. १८५७ च्या फेब्रुवारीत इराणमध्ये खुशाब इथे मुंबईच्या घोडेस्वारांनी इराणी पायदळाचा चौकोन थेट आत घुसून फोडला, तो पराक्रमही पुढे याच रेजिमेंटच्या वारशात आला. फळी फोडण्याची कला रणगाड्याच्या आधीची आहे ती अशी! १९६५ मध्ये तारापोर रेजिमेंटचे कमांडिंग ऑफिसर होते आणि त्यांच्या सेंच्युरियन रणगाड्याचं नाव होतं खुशाब.

आता मॅप. ८ सप्टेंबर १९६५ ला आपली १ आर्मर्ड डिव्हिजन सियालकोट भागात सीमेपलीकडे गेली. लक्ष्य फिलोरा आणि मग चाविंडा. या दोन गावांमधलं अंतर दहा किलोमीटरच्याही आत, आपल्या भिवंडीहून कल्याणला जाण्याइतकंही नाही. सेंच्युरियन सुमारे ५० टनांचा, वेग ताशी जेमतेम ३५ किलोमीटर. तरी हिशोबाने पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता. हा हिशोब मी रूममेटला दाखवला तेव्हा तो प्रथमच गप्प बसला, कारण त्या रस्त्यावर लढाई चालली कित्येक दिवस, आणि गाव काही हाती आलं नाही.

११ सप्टेंबरला पूना हॉर्सने फिलोऱ्यावर समोरून न जाता पाठीमागून घुसायचं ठरवलं. फिलोरा आणि चाविंडा यांच्यामध्ये रेजिमेंट घुसत असतानाच वजीरवालीकडून शत्रूचे रणगाडे बाजूने आले. गेममध्ये हे वरून दिसतं, आपण माउस फिरवतो. तिथे ‘वरून’ असं काही नव्हतं. पिकं उभी, धूळ, धूर, आणि कमांडर टरेटच्या झाकणातून डोकं बाहेर काढून बघणार तेवढाच त्याचा मॅप. तारापोरांनी जागा सोडली नाही. एका बाजूला हा प्रतिहल्ला थोपवून एक स्क्वाड्रन आणि पायदळाची एक बटालियन घेऊन ते फिलोऱ्यावर गेले. फिलोरा त्याच दिवशी पडलं. ते जखमी झाले होते, मागे हलायला त्यांनी नकार दिला.

पुढच्या दिवसांत वजीरवाली घेतलं. १६ तारखेला जस्सोरान आणि बुतुर-डोगरांदी घेतलं, म्हणजे चाविंडाच्या पाठीशी पोहोचले. इथे काम वेगळं होतं. दरवाजाची बिजागरी असते ना, तसं रणगाड्यांनी एका जागी घट्ट उभं राहायचं आणि त्यांच्या आधारावर पायदळाने मागून गावावर जायचं. धावणाऱ्या रणगाड्याला उभं राहायला सांगणं ही किती मोठी शिक्षा, हे उभ्या रणगाड्यावर गोळे पडायला लागले की कळत असणार. त्यांचा रणगाडा अनेकदा लागला. जागा त्यांनी धरून ठेवली आणि तिथेच ते गेले. वय ४२.

परमवीर चक्राच्या मानपत्रात आकडे आहेत: शत्रूचे सुमारे ६० रणगाडे नष्ट, आपले ९. आमच्या गेममध्ये हा स्कोअर म्हणजे मॅच संपली! पण चाविंडा शेवटपर्यंत पडलं नाही आणि २३ सप्टेंबरला युद्धबंदी झाली. बुतुर-डोगरांदीच्या लढाईत ८ गढवालचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल झिराडही गेले. ते बेने इस्रायली, आणि झिराड हे अलिबागजवळचं गाव. तारापूर आणि झिराड, कोकण किनाऱ्यावरची दोन गावं पंजाबातल्या एका खेड्यात शेजारी येऊन थांबली. हे वाचलं त्या रात्री मी खेळलो नाही.

तारापोरांनी आधीच आपल्या एका अधिकाऱ्याला सांगून ठेवलं होतं. रणांगणातच अग्निसंस्कार करा. प्रार्थनेचं पुस्तक आईला, सोनसाखळी पत्नीला, अंगठी मुलीला, फाउंटन पेन मुलाला. पारशी माणसाने अग्नी मागितला, तोही युद्धभूमीवर, आणि सहकाऱ्यांनी तो शब्द पाळला. २०२३ मध्ये अंदमानातल्या एका बेटाला त्यांचं नाव मिळालं.

सुट्टीत नगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) रणगाडा संग्रहालयात जाऊन सेंच्युरियन पाहिला. बाहेरून अवाढव्य. पण टरेटवरचं झाकण बघितलं तर जेमतेम एक माणूस खांद्यापर्यंत मावेल एवढं.

परत आल्यावर मी आणि रूममेटने गेमच्या एडिटरमध्ये फिलोरा ते चाविंडा असा मॅप बनवला. रेल्वेलाइन टाकली, गावं टाकली, पिकं टाकली, आणि वरून बघण्याची सोय बंद केली. फिलोरा आम्ही घेतो. चाविंडा अजून एकदाही घेता आलेलं नाही.