अमेरिकेच्या ५० राज्यांमधली ५० सर्वोच्च ठिकाणं पहिल्यांदा गाठणारा माणूस : व्हिन होमन

गाडीत तंबू टाकायचा, नकाशा उघडायचा आणि एकेका राज्यातल्या सगळ्यात उंच जागेवर जाऊन यायचं. अमेरिकेत हा छंद इतका रुजलाय की त्याला ‘हायपॉइंटिंग’ असं नावच पडलंय. १९८०च्या दशकात या मंडळींचा क्लबही निघाला आणि आजवर शेकडो लोकांनी सगळी ५० राज्यं पूर्ण केलीत. पण हे सगळ्यात आधी करून दाखवलं ते अलास्काच्या जॉन व्हिन्सेंट होमननं. सगळे त्याला व्हिन म्हणायचे.

आता यात अवघड काय, असं वाटू शकतं. फ्लोरिडाचं सर्वोच्च ठिकाण ब्रिटन हिल फक्त १०५ मीटर उंच आहे. गाडी लावायची, चार पावलं चालायचं, झालं काम. न्यू हॅम्पशायरच्या माउंट वॉशिंग्टनच्या माथ्यापर्यंत तर १८६१ पासून रस्ता आहे. पण याच यादीत मोंटानाचं ग्रॅनाइट पीक आहे, जिथं शेवटी कातळ चढावा लागतो. वॉशिंग्टन राज्यातलं ४,३९२ मीटर उंचीचं रेनियर आहे, जिथं हिमनद्या ओलांडाव्या लागतात. आणि अलास्कात ६,१९० मीटर उंचीचं डेनाली आहे, अख्ख्या उत्तर अमेरिकेतलं सर्वोच्च शिखर. यादीत मात्र ब्रिटन हिलला एक टिकमार्क आणि डेनालीलाही एकच.

व्हिनच्या आधी १९३६ मध्ये ए. एच. मार्शल यानं तेव्हाच्या सगळ्या, म्हणजे ४८ राज्यांची सर्वोच्च ठिकाणं गाठली होती. यादी संपली असं वाटत होतं. पण १९५९ मध्ये अलास्का आणि हवाई ही दोन नवी राज्यं झाली आणि यादी लांबली. नुसती लांबली नाही, तर डेनालीमुळे तिचं रूपच पालटलं. गाडी, नकाशा आणि चांगले बूट एवढ्यावर आता भागणार नव्हतं. कडाक्याची थंडी, विरळ हवा आणि हिमनदीवरचा कित्येक दिवसांचा मुक्काम झेपणारा माणूसच हे करू शकणार होता. १९६६ मध्ये व्हिननं ५० चा आकडा पूर्ण केला.

पण व्हिनची खरी ओढ होती अलास्काच्या डोंगरांची. तिथल्या कितीतरी शिखरांवर तोवर कुणी पाऊलही ठेवलं नव्हतं. कुठलं शिखर कुणी, कधी आणि कुठल्या वाटेनं सर केलं, याच्या नोंदी तो चिकाटीनं जमवत होता. अलास्काच्या गिर्यारोहणाचं एक मार्गदर्शक पुस्तक त्याला काढायचं होतं. १९६७ मध्ये कॅनडा आणि अमेरिकेच्या गिर्यारोहकांनी मिळून दोन्ही देशांच्या सीमेवरचं ‘गुड नेबर’ शिखर सर केलं, तेव्हा अमेरिकी बाजूचं नेतृत्व व्हिनकडे होतं. त्याची बायको ग्रेस मूळची नेदरलँड्सची, अँकरेजमध्ये डॉक्टर आणि स्वतः पट्टीची गिर्यारोहक. दोघं डोंगरात बरोबर जायचे.

१९६९ मध्ये व्हिन नेपाळला गेला. बॉइड एव्हरेटच्या नेतृत्वाखालची अमेरिकी मोहीम ८,१६७ मीटर उंचीच्या धौलागिरीवर आग्नेय धारेनं चढाईची वाट शोधत होती. २८ एप्रिलला साधारण ५,२०० मीटरवर हिमनदीतली एक रुंद भेग आडवी आली. तिच्यावर पूल करण्यासाठी खालून लाकडाचे ओंडके वर आणले होते. त्याच कामात आठ जण गुंतलेले असताना वरून बर्फाचा प्रचंड कडा कोसळला. पाच अमेरिकी आणि दोन शेर्पा त्यात गेले. त्यात एव्हरेट होता आणि व्हिनही. आठातला एकटा लुई रायकार्ड वाचला. त्यानं साथीदारांचा शोध घेतला, पण कुणीच सापडलं नाही. चार वर्षांनी, १९७३ मध्ये, हाच रायकार्ड पुन्हा धौलागिरीवर गेला आणि माथ्यावर पोचला.

इकडे ग्रेसनं डोंगर सोडले नाहीत. डेनालीवर आधी एकदा उंचीच्या त्रासामुळे तिला मागं फिरावं लागलं होतं. तरी १९७० मध्ये सहा बायकांची तुकडी घेऊन ती पुन्हा निघाली. ६ जुलैला सहाही जणी माथ्यावर पोचल्या. डेनाली सर करणारी ही फक्त महिलांची पहिली तुकडी. उतरताना ग्रेसची तब्येत इतकी बिघडली की तिला चालवेना. उपनेता अर्लीन ब्लम हिनं सूत्रं हातात घेतली आणि सगळ्या जणी सुखरूप खाली आल्या.

पुढच्याच वर्षी, एप्रिल १९७१ मध्ये, अँकरेजजवळच्या एकलुटना हिमनदीवर हिमस्खलनात ग्रेसचाही मृत्यू झाला. व्हिन जाऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती.

आज व्हिन आणि ग्रेसची कागदपत्रं अँकरेजच्या विद्यापीठ ग्रंथालयात एकत्र जपून ठेवली आहेत. अलास्काच्या शिखरांच्या त्या नोंदीही त्यातच आहेत. ५० राज्यांची यादी व्हिननं पूर्ण केली. अलास्काचं पुस्तक मात्र त्याच्या हातून पुरं झालं नाही.