बिनपगारी डायरेक्टर! फक्त आफ्रिकेतल्या झाडांची बाग उभी करणारा हॅरोल्ड पिअर्सन

केप टाऊनच्या टेबल माउंटनच्या उतारावर कर्स्टनबॉश नावाची बाग आहे. जगातल्या देखण्या बागांमध्ये तिचं नाव घेतात. पण ती उभी करणाऱ्या माणसाला त्याचा एक पैसा पगार नव्हता.

हॅरोल्ड पिअर्सन. जन्म १८७० चा, इंग्लंडमधल्या लिंकनशायरचा. केंब्रिजला शिकला, लंडनच्या क्यू गार्डनमध्ये काम केलं आणि १९०३ साली केप टाऊनला वनस्पतीशास्त्राचा प्रोफेसर झाला. जन्मभर दोनच पानांवर जगणारं वेल्विचिया बघायला गडी थेट नामिबच्या वाळवंटात गेला.

तेव्हा साहेबाची बाग म्हणजे ओक, गुलाब आणि हिरवळ. केपची प्रोटिया, एरिका ही झाडं युरोपच्या काचघरांत मिरवायची आणि घरच्या अंगणात मात्र रानटी ठरायची. पिअर्सनचं म्हणणं साधं होतं, इथल्या झाडांची बाग इथेच पाहिजे. १९१० पासून त्याने हा विषय लावून धरला.

जागा मिळाली ती सेसिल ऱ्होड्सने मृत्यूपत्रात देशाला दिलेली. रान माजलेलं, डुकरं मोकाट. (तिथे १६६० मध्ये डच लोकांनी खोईखोई लोकांना बाहेर ठेवायला लावलेलं रानबदामाचं कुंपण अजून आहे. म्हणजे झाडं आफ्रिकेची, कुंपण आफ्रिकेच्याच माणसांविरुद्ध!)

१९१३ मध्ये बाग सुरू झाली. सरकारने वर्षाला १००० पौंड दिले, त्यात डायरेक्टरचा पगार बसत नव्हता. पिअर्सन प्रोफेसरकी सांभाळून फुकट राबला. आधी ओढ्याकाठी सायकॅड लावले, डायनासोरच्या काळापासून चालत आलेल्या कुळातली झाडं. वर्षभरात महायुद्ध पेटलं, पैसा आटला. मग बागेतलं सरपण आणि ओकची फळं विकून खर्च भागवला.

३ नोव्हेंबर १९१६ ला न्यूमोनियाने तो गेला. वय ४६. त्याला बागेतच पुरलं, त्या सायकॅडच्या वरच्या अंगाला.

आता तुम्ही म्हणाल, शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाचं आज काय? तर २०१८ मध्ये केप टाऊनचे नळ बंद पडायची वेळ आली. बागांना पाणी घालायला बंदी, हिरवळी करपल्या. तेव्हा तिथल्या लँडस्केप आर्किटेक्टना कमी पाण्यावर तगणारी झाडं हवी होती. आफ्रिकेतली शहरं झपाट्याने वाढतायत आणि बऱ्याच देशांत या धंद्यातली माणसं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. जी आहेत त्यांच्यापुढे प्रश्न तोच, बाहेरची हिरवळ अंथरायची की इथलं झाड लावायचं?