राजर्षी शाहू महाराज : शाळेच्या पायरीपासून नोकरीच्या खुर्चीपर्यंत



२६ जून आला की आपण परिपाठात शाहू महाराजांचा फोटो ठेवतो, हार घालतो, दोन मुलं भाषणं म्हणतात. "आरक्षणाचे जनक", "वसतिगृहांचे जनक", "रयतेचा राजा" हे शब्द मुलांना पाठ असतात. मीही बरीच वर्षं हेच करत आले. पण तीनेक वर्षांपूर्वी एक गोष्ट घडली आणि महाराजांचं चरित्र मी पुन्हा नीट वाचायला घेतलं.

माझ्या हाताखालून चौथी पास झालेली एक मुलगी पुढे बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली. आईवडील ऊसतोडीला जाणारे. शहरातल्या कॉलेजात तिचा नंबर लागला, फीमध्ये सवलतही मिळाली. पण राहायची सोय झाली नाही. वसतिगृहाच्या यादीत नाव आलं नाही आणि खोलीचं भाडं घरच्यांना झेपणारं नव्हतं. दोन महिन्यांनी ती गावी परत आली. मला भेटायला आली तेव्हा म्हणाली, "बाई, कॉलेज मिळालं, पण झोपायला जागा नाही मिळाली." त्यावर मला काही बोलता आलं नाही. आणि मग आठवलं, हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या एका राजाला पडला होता. फरक एवढाच, की त्याने तो सोडवायला घेतला.

जन्म आणि शिक्षण

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. मूळ नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब, आई राधाबाई. आई तर ते अगदी लहान असतानाच गेल्या. कोल्हापूरच्या गादीला वारस नव्हता, म्हणून राणी आनंदीबाईंनी १७ मार्च १८८४ रोजी त्यांना दत्तक घेतलं आणि त्यांचं नाव शाहू झालं. वय पुरतं दहा वर्षांचंही नव्हतं.

पुढे राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाडला फ्रेझर साहेबांच्या देखरेखीखाली त्यांचं शिक्षण झालं. इतिहास, इंग्रजी, राज्यकारभार हे विषय होतेच, पण देशभर प्रवासही झाला. २ एप्रिल १८९४ रोजी, विसाव्या वर्षी, त्यांनी राज्याची सूत्रं हाती घेतली.

राजाने पाहिलेला हजेरीपट

आपण शिक्षक वर्गात गेलो की आधी काय बघतो? हजेरी. कोण आलंय आणि कोण नाही. महाराजांनीही कारभार हाती घेतल्यावर दरबाराची हजेरी पाहिली असं म्हणायला हरकत नाही. १८९४ साली संस्थानाच्या सर्वसाधारण प्रशासनात ७१ अधिकारपदं होती आणि त्यांतली ६० एकाच समाजाकडे, म्हणजे ब्राह्मण समाजाकडे होती. शेतकरी, कारागीर, मुसलमान, जैन, लिंगायत, अस्पृश्य मानले गेलेले लोक हीच खरी रयत, पण तिचा माणूस कचेरीत शोधून सापडत नव्हता.

आता इथे एक मुद्दा लक्षात घ्या. खुर्च्या रिकाम्या ठेवून भागत नाही. त्यावर बसायला शिकलेला माणूस लागतो. तो येणार कुठून? खेड्यातला मुलगा चार यत्ता शिकला तरी पुढे हायस्कूल, कॉलेज कोल्हापूर शहरात. तिथे राहणार कुठे, जेवणार कुठे? म्हणजे अडचण फक्त फीची नव्हती. भाकरीची आणि अंथरुणाचीही होती.

वसतिगृहं : एक फसलेला प्रयत्न आणि त्यातून घेतलेला धडा

१८९६ मध्ये सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह सुरू झालं. हेतू चांगला होता. पण थोड्याच वर्षांत दिसून आलं, की नाव सर्वांचं आणि आत मुलं जवळजवळ एकाच जातीची. दार उघडं ठेवलं म्हणून सगळे आत येतातच असं नाही, हे महाराजांना तिथे कळलं. मला वाटतं, धोरण आखणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग वाचावा.

मग त्यांनी मार्ग बदलला. १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. त्याच साली जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०७ मध्ये लिंगायत, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. पुढे शिंपी, दैवज्ञ, सारस्वत असे एकेक समाज जोडले जात गेले. दरबार जागा देई, इमारतीला मदत करी, सालाना अनुदान देई. चालवायची जबाबदारी मात्र त्या त्या समाजातल्या मंडळींनी उचलायची. म्हणजे पैसा सरकारचा आणि काळजी घरच्या माणसांची.

जातवार वसतिगृहांनी जातीच पक्क्या होतील, अशी टीका तेव्हाही झाली. ती टीका खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण एकत्र वसतिगृहाचं काय झालं ते आपण वर पाहिलंच. लांबचा विचार करताना आज कोणाची चूल पेटत नाही हेही बघावं लागतं. या बोर्डिंगांतून आणि कोल्हापूरच्या या वातावरणातून घडलेला एक विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील. ते जैन बोर्डिंगात होते. पुढे त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांना एका छताखाली, एका पंगतीत आणलं. त्या वसतिगृहाला नाव दिलं ते शाहू महाराजांचंच.

१९०२ चा हुकूम

१९०२ मध्ये महाराज सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहण समारंभासाठी इंग्लंडला गेले होते. तिथे असतानाच त्यांनी हुकूम काढला आणि २६ जुलै १९०२ रोजी तो करवीर गॅझेटमध्ये प्रसिद्ध झाला. रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निदान ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतून भरायच्या. ज्या खात्यात हे प्रमाण कमी असेल, तिथे पुढची नेमणूक याच वर्गांतून करायची. खातेप्रमुखांनी दर तिमाहीला अहवाल द्यायचा. हा शेवटचा भाग आपण मुलांना कधी सांगतच नाही! हुकूम काढला आणि विसरून गेले असं झालं नाही, दर तीन महिन्यांनी हिशेब मागितला.

विरोध झाला. तेव्हा वेदोक्ताचा वाद आधीच पेटलेला होता. मोठमोठ्या लोकांनी टीका केली. पण १९१२ साली चित्र असं होतं, की ९५ अधिकाऱ्यांत ब्राह्मण अधिकारी ३५ होते. योग्यतेचा माणूस मिळत नाही, असं जे सांगितलं जात होतं, त्याला हा आकडाच उत्तर आहे. माणूस मिळत नव्हता, कारण तो घडवला जात नव्हता.

सक्तीचं शिक्षण

पण अजून एक पायरी राहिली होती, आणि ती सगळ्यात खालची, म्हणजे आपली. प्राथमिक शाळा. वसतिगृहात येणारा मुलगा आधी गावात चार यत्ता शिकलेला हवा ना! गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलं होतं, ते नामंजूर झालं. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये हे राज्यभर लागू केलं होतं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड. तेव्हाचा रुपया म्हणजे मजुराची कित्येक दिवसांची कमाई.

दोन वर्षांनी, १९१९ मध्ये, अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम निघाला. इथेही बघा, वसतिगृहं वेगळी चालतील, पण गावची शाळा वेगळी चालणार नाही.

मुलींच्या शाळांवर रखमाबाई केळवकर यांना अधिकारी नेमलं होतं. त्यांची मुलगी कृष्णाबाई हिला डॉक्टरकीच्या शिक्षणासाठी दरबारने मदत केली. १९१८ मध्ये महाराजांचा धाकटा मुलगा शिवाजी शिकारीत अपघाताने गेला. सून इंदुमती तेव्हा जेमतेम बारा वर्षांची. घरच्यांचा विरोध असतानाही महाराजांनी सोनतळी कॅम्पवर तिच्या शिक्षणाची सोय केली. सोबतीला वेगवेगळ्या जातींच्या मुली ठेवल्या. दुसऱ्याच्या मुलीला शिकवणं सोपं असतं, बाई. स्वतःच्या घरात हे करून दाखवायला छाती लागते.

हाताला काम

शिकून करायचं काय, हा प्रश्न आज पालक आपल्याला विचारतात. महाराजांनी तो आधीच विचारात घेतला होता. गावच्या पाटलाला कारभार कळावा म्हणून दिल्ली दरबाराच्या स्मरणार्थ पाटील शाळा काढली. १९१८ मध्ये कुलकर्णी वतनं रद्द केली आणि पगारी तलाठी नेमायचं ठरवलं, तेव्हा तलाठी शाळा काढून इतर समाजांतली मुलं तयार केली, त्यांत अस्पृश्य समाजातलीही होती. महार वतनंही खालसा केली, कारण त्या वतनापायी सबंध घराणं वेठबिगारीला बांधलेलं असे. १९०६ मध्ये शाहू मिल सुरू केली. शाहूपुरीची पेठ वसवली, राधानगरीच्या धरणाचं काम हाती घेतलं. वाड्यातल्या नोकरीत पाणी शिवण्यावरून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना चहाचं दुकान काढायला मदत केली आणि स्वतः तिथे जाऊन चहा घेतला. राजा चहा पितोय म्हटल्यावर इतरांना नाही म्हणता येईना.

१९१९ मध्ये कानपूरला कुर्मी क्षत्रिय परिषदेत त्यांना राजर्षी ही पदवी मिळाली. १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी तरुण डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाची जाहीर पाठराखण केली. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. वय अवघं ४७.

आपण काय करू शकतो?

सगळं चरित्र वाचल्यावर मला एक साखळी दिसली. गावात शाळा, शहरात वसतिगृह, शिकलेल्याला नोकरीत जागा, बाकीच्यांना कामाचं शिक्षण. एक कडी तुटली तर बाकीच्या असून उपयोग नाही. माझ्या विद्यार्थिनीची मधली कडी तुटली होती.

आज आपल्याकडे शिक्षण हक्क कायदा आहे, महाराजांच्या नावाने शिष्यवृत्ती योजना आहे. या योजना कागदावर ठेवायच्या की घरापर्यंत पोचवायच्या, हे पुष्कळदा आपल्यासारख्यांच्याच हातात असतं. म्हणून या वर्षीपासून मी तीन गोष्टी सुरू केल्या आहेत. जमल्यास तुम्हीही करा.

१. परिपाठात भाषणाऐवजी मुलांना एक प्रश्न विचारा : आपल्या गावातलं कोण शिकता शिकता थांबलं आणि कशामुळे? उत्तरं वहीत लिहून घ्या.

२. आपल्या शाळेतून गेलेल्या मुलांची दहावी-बारावीपर्यंत नोंद ठेवा. जूनमध्ये त्यांच्या घरी एक फोन करा.

३. वसतिगृहांच्या अर्जाच्या तारखा आणि लागणारे दाखले एका कागदावर लिहून शाळेच्या फलकावर लावा. पालक वाचतात, मी पाहिलंय.

ती मुलगी पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भरायला माझ्याकडे आली. आम्ही दोघींनी मिळून तो वेळेत भरला आणि या वेळी यादीत तिचं नाव आलं. तिच्या वर्गात आणखी कोणाचं नाव राहिलं असेल, ते मात्र मला माहीत नाही. तुमच्या गावात असं कोणी आहे का, एवढं एकदा बघा.