एका दिवसाचं फूल : रेव्हरंड ना. वा. टिळक

आजचं वाचन : मत्तय ६:२५–३४, योहान १२:२४



आजच्या वाचनात प्रभू आपल्याला आकाशातल्या पाखरांकडे आणि रानातल्या फुलांकडे बघायला सांगतो. हा उतारा आपल्याला इतका पाठ आहे की वाचताना डोळे त्याच्यावरून घसरतात. आपण तो स्टेटसला ठेवतो, मग लॅपटॉप उघडतो आणि पुन्हा त्याच काळजीला लागतो : अप्रेझल, ईएमआय, पुढच्या महिन्यात टीममधून कुणाला काढणार.

माझं गाव वडनेर भोलजी, मलकापूर आणि नांदुऱ्याच्या मध्ये, हायवेवर. आमच्याकडे तर हा उतारा वाचून दाखवायलाही धीर लागतो. काळी जमीन, कोरडवाहू कपाशी, बरेचदा उधारीवर आणलेलं बियाणं. पेरणी झाली आणि पावसाने दडी मारली की दुबार पेरणी. ज्याच्या डोक्यावर असं ओझं आहे, त्याला फुलाकडे बघ म्हणणं सोपं नाही. म्हणून आज मला अशा एका माणसाविषयी सांगायचंय, ज्याने आपल्या मराठीत हा उतारा आयुष्यभर खरा मानून बघितला, आणि त्याची किंमतही मोजली.

रेव्हरंड नारायण वामन टिळक. आपल्या उपासना संगीतात त्यांची कितीतरी गीतं आहेत. रविवारी आपण ती गातो, पण गाणाऱ्यामागचा माणूस आपल्याला फारसा माहीत नसतो.

त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. घर चित्पावन ब्राह्मणांचं. आई जानकीबाई लहानपणीच गेली. वडील कडक स्वभावाचे. नारायण नाशिकला आला, गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकला, कविता करू लागला. नाशिकजवळच्या जलालपूरच्या मुलीशी लग्न झालं. त्याच पुढे आपल्या लक्ष्मीबाई टिळक. पण टिळकांचा पाय एका जागी ठरत नव्हता. आज ही नोकरी, उद्या दुसरं गाव. हातात पैसा आला की तो कुणाला तरी देऊन मोकळे. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये हे सगळं हसत-रडत सांगितलंय. नक्की वाचा.

पुढे ते नागपूरला आले. आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचं काम केलं, ‘ऋषी’ नावाचं मासिक चालवलं. धर्म खरा कसा असावा, माणसामाणसातला भेद कसा जाईल, हा प्रश्न त्यांना सोडत नव्हता. १८९३ च्या सुमारास ते राजनांदगावला निघाले होते. गाडीत एक अनोळखी युरोपियन सहप्रवासी भेटला. गप्पा कवितेपासून सुरू झाल्या आणि उतरताना त्याने टिळकांच्या हातात नवा करार ठेवला.

टिळकांनी तो वाचायला घेतला तो एक पुस्तक म्हणून, खुणा करत करत. आणि डोंगरावरच्या प्रवचनाशी येऊन अडकले. मत्तय ५ ते ७. म्हणजे आजचा आपला उतारा ज्याच्या मधोमध आहे, तेच. तिथून त्यांना पुढे सरकवेना. पाखरं आणि फुलं त्यांना नवी नव्हती. ती दाखवणारा भेटला, हे नवं होतं.

१० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

इथे थोडं थांबूया. आपल्या साक्षींमध्ये बाप्तिस्म्यानंतर लगेच आनंदीआनंद येतो. टिळकांच्या आयुष्यात मात्र त्यानंतर कडक उन्हाळा आला. जात गेली, मान गेला, सगेसोयरे तुटले. लक्ष्मीबाईंवर तर आकाश कोसळलं. छोट्या दत्तूला घेऊन त्या माहेरच्या माणसांत राहिल्या. साडेचार-पाच वर्षं नवरा-बायको वेगळे होते. विश्वास टिळकांचा, पण त्याची झळ लक्ष्मीबाईंनी सोसली. ही गोष्ट सांगताना ते विसरून चालणार नाही.

आमच्याकडे मे महिन्यात नांगरलेलं शेत बघितलंय का? मोठमोठी ढेकळं, भेगा, हिरवं पान नाही. नवख्याला वाटेल जमीन मेली. पण जमीन तापलीच पाहिजे, हे शेतकऱ्याला माहीत असतं. त्या काळात तो पेरत नाही, मृगाची वाट बघतो. टिळकांनीही वाट बघितली. लक्ष्मीबाई परत आल्या तेव्हा त्यांच्यावर ख्रिस्ती होण्याची सक्ती केली नाही. त्यांच्या सोवळ्याची, वेगळ्या पाण्याची सोय करून दिली. मग हळूहळू, स्वतःच्या मनाने, लक्ष्मीबाईंच्या आत काहीतरी बदललं. १९०० साली राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पाऊस आपल्या वेळेला आला.

पुढची वर्षं अहमदनगरची. शिकवणं, उपदेश, कीर्तनं, ‘ज्ञानोदय’चं संपादन. देवाची स्तुती मराठी माणसाने अभंगात, टाळ-मृदंगाच्या साथीने करावी, हा त्यांचा आग्रह होता. तुकोबांच्या अभंगांनीच आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणलं, असं ते मानत. आणि कविता तर चालूच होती. ‘वनवासी फूल’ या दीर्घ कवितेत कवी रानातल्या एकट्या फुलाशी बोलत बसतो. लोक त्यांना फुलामुलांचा कवी म्हणू लागले.

मुलं म्हणजे फक्त स्वतःची नव्हेत. घरात कायम कुणी ना कुणी परकं पोर वाढत असे. धरणगावचा त्र्यंबक ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, त्यांच्याकडे राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखं सांभाळलं. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत, तरी टिळकांच्या घराचं दार त्यांना कधी बंद झालं नाही. ५ मे १९१८ ला जळगावजवळ भादली स्टेशनवर रेल्वे अपघातात बालकवी गेले. वय फक्त २७.

त्याच्या आदल्या वर्षी, १९१७ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी टिळकांनी मिशनचा पगार सोडला. ज्या वयात आपण पीएफचा हिशोब करू, त्या वयात! साताऱ्याला जाऊन ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, ख्रिस्तावर प्रेम करणारे सगळे तिथे भावंडं. पाखरांच्या उताऱ्यावर त्यांनी पूर्वी कितीदा उपदेश केला असेल. आता तो जगून दाखवायची पाळी होती. पण वेळ थोडा होता. ९ मे १९१९ ला मुंबईत ते देवाघरी गेले. दरबाराला पुरती दोन वर्षंही मिळाली नव्हती.

आणि ‘ख्रिस्तायन’? येशूचं चरित्र मराठी ओवीत आणायचं त्यांचं मोठं स्वप्न. जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. पुढचे साठहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या कधी शाळेत गेल्या नाहीत, ज्या एकेकाळी याच ख्रिस्तामुळे घर मोडलं म्हणून रडत होत्या, त्यांनी! योहान १२:२४ मधला गव्हाचा दाणा मला इथे दिसतो.

आता परत आमच्या शेताकडे. आमच्याकडे जूनमध्ये कपाशी लागते, मग डवरणी, निंदण. श्रावण-भाद्रपदात पाती धरते, फुलं येतात. कपाशीचं फूल तुम्ही जवळून बघितलं नसेल तर सांगतो. सकाळी उमलतं तेव्हा ते पांढरट-पिवळसर असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं आणि कोमेजतं. त्याचं आयुष्य एवढंच. पण त्याच्या मागे छोटंसं बोंड धरलेलं असतं. दीड-दोन महिन्यांनी ते फुटतं आणि कापूस हाती येतो. वेचणी संपली की पऱ्हाट्या उपटून चुलीत जातात.

प्रभूने फुलांविषयी बोलताना हे लपवलं नाही. आज रानात आहे आणि उद्या भट्टीत, असं गवत त्यानेच उदाहरणाला घेतलं. म्हणजे पीक कधी बुडणार नाही, नोकरी कधी जाणार नाही, असं वचन त्याने दिलेलं नाही. बाप आपल्याला विसरत नाही, हे मात्र दिलंय. टिळकांचा उन्हाळाही टळला नाही. पण ते फूल फुकट गेलं नाही, बोंड धरलं. आज आपण त्याच कापसाचं नेसून उपासनेत उभे राहतो.

म्हणून शेतकऱ्याला, किंवा नोकरी गेलेल्या मित्राला, आपण नुसता हा उतारा फॉरवर्ड करू नये. टिळकांसारखं घराचं दार उघडावं. बियाण्याला मदत करावी, महिनाभर रूमवर ठेवून घ्यावं, रेझ्युमे चार ठिकाणी पोचवावा. बापाची काळजी बरेचदा अशीच कुणाच्या तरी हातून पोचते.

आज थोडं हे करून बघा :

१. आपल्या आयुष्यात सध्या कोणता ऋतू चालू आहे : नांगरणी, पेरणी, वाट बघणं की वेचणी? प्रभूला तसंच सांगा.

२. घरातल्या ज्या माणसाने अजून विश्वास धरलेला नाही, त्याच्यावर आज जोर करू नका. त्याची सोय बघा.

३. काळजीत असलेल्या एका माणसाला मेसेज नको, फोन करा.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, तू रानातल्या फुलाला सजवतोस आणि त्याचं आयुष्य किती हेही तुला ठाऊक आहे. आमच्या उन्हाळ्यात आम्हाला धीर दे. ज्यांच्या शेतात यंदा पाऊस कमी पडला त्यांची आठवण ठेव, आणि त्यांच्यासाठी आमचे हात वापर. तुझा सेवक नारायण आणि तुझी दासी लक्ष्मी यांच्याबद्दल तुझे आभार. येशूच्या नावात मागतो, आमेन.