नाना शंकरशेट आणि शाळेचा कारभार



शाळा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे इमारत, गुरुजी, फळा आणि मुले येतात. परंतु या सर्वांच्या मागे आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे शाळेचा कारभार पाहणारी मंडळी. पैसा कोठून आणावा, तो कसा खर्चावा, शिक्षक कोण नेमावेत, मुलांना कोणत्या भाषेत शिकवावे, हे प्रश्न त्यांनाच सोडवावे लागतात. असा कारभार कसा करावा याचा धडा ज्यांच्या चरित्रातून घेता येतो, असे एक थोर पुरुष आपल्याच मुलखात होऊन गेले. त्यांचे नाव जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे. लोक त्यांना आदराने नाना शंकरशेट म्हणत.

नानांचा जन्म 10 फेब्रुवारी 1803 रोजी मुरबाड येथे झाला. मुरबाड ठाणे जिल्ह्यात आहे; आणि आपला कासा, डहाणू, तलासरीचा भागही 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. म्हणजे नाना हे आपल्या जुन्या जिल्ह्याचेच सुपुत्र. घराणे दैवज्ञ समाजाचे, व्यापार मुंबईत, संपत्ती विपुल. 1822 साली वडील वारले आणि ऐन तारुण्यात सारा व्याप नानांच्या अंगावर पडला. मनात आणते तर त्यांना आयुष्य सुखात लोळून काढता आले असते. पण त्यांनी आपला पैसा आणि, त्याहून मोलाचा, आपला वेळ लोकांच्या कामी लावला.

त्या काळी मुंबई इलाख्यात नव्या पद्धतीच्या शाळा नुकत्याच सुरू होत होत्या. हे काम एका शिक्षणसंस्थेने हाती घेतले होते. तिच्या कारभारात इंग्रज अधिकारी होते, तसेच एतद्देशीय गृहस्थही होते. गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचा या कामाला पाठिंबा होता. ते 1827 साली निवृत्त होऊन जाऊ लागले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ लोकांनी वर्गणी करून दोन लाख रुपयांहून अधिक निधी उभारला आणि तो उच्च शिक्षणासाठी राखून ठेवला. या खटपटीत नाना अग्रभागी होते. वाचकहो, त्या काळचे दोन लाख रुपये म्हणजे केवढी रक्कम! ज्यांच्या हाती हिशेब चोख राहील असा भरवसा वाटतो, त्यांनाच लोक असा पैसा देतात, हे ध्यानात घ्या.

1840 साली सरकारने इलाख्यातील शिक्षणाची व्यवस्था पाहण्यासाठी बोर्ड ऑफ एज्युकेशन, म्हणजे शिक्षण मंडळ, स्थापन केले. एक अध्यक्ष आणि सहा सभासद अशी त्याची रचना होती. सहापैकी तीन सभासद सरकार नेमी आणि तीन एतद्देशीय सभासद वरील शिक्षणसंस्थेकडून येत. शाळांच्या कारभारात इथल्या माणसांना अशी हक्काची जागा मिळणे ही त्या काळी मोठी गोष्ट होती. नाना आरंभापासून या मंडळावर होते. पुढे त्यांच्यासोबत फ्रामजी कावसजी हे पारशी गृहस्थ आणि महंमद इब्राहीम मकबा हे भाषापंडित मुस्लिम गृहस्थ होते. एक हिंदू, एक पारशी, एक मुसलमान असे तिघे एका टेबलाभोवती बसून सर्वांच्या मुलांचा विचार करीत. हे चित्र आपल्या विद्यार्थ्यांनी विसरू नये.

या मंडळाची खरी कसोटी 1847 साली लागली. अध्यक्ष होते सर अर्स्किन पेरी. ते न्यायाधीश होते, विद्वान होते. त्यांचे मत असे की सरकारजवळ पैसा थोडा आहे, तेव्हा तो इंग्रजी शिक्षणावर खर्च करावा. वरच्या थरातील थोडी माणसे चांगली शिकली म्हणजे विद्या हळूहळू खाली झिरपेल. नानांना हे पटले नाही. इंग्रजीचे महत्त्व त्यांनी कधीच नाकारले नाही. पण गावोगावच्या सामान्य मुलांना परक्या भाषेतून ज्ञान मिळणे शक्य नाही, त्यांच्यापर्यंत विद्या पोचवायची तर ती त्यांच्या भाषेतूनच द्यावी लागेल आणि त्यासाठी देशी भाषांत चांगली पुस्तके तयार करावी लागतील, असे त्यांनी लेखी मत मांडले. फ्रामजी आणि मकबा त्यांच्या बाजूने उभे राहिले. इंग्रज सभासदांपैकी कर्नल जर्व्हिस यांनीही साथ दिली. गणिताची पुस्तके मराठीत आणण्याचे काम जर्व्हिस यांनी पूर्वीच केलेले होते.

ज्यांच्याविरुद्ध मत द्यायचे ते अध्यक्ष, त्यातून इंग्रज न्यायाधीश, आणि राज्यही त्यांचेच. तरीही नानांनी आपले मत दिले. आणि ते कसे दिले? बाहेर कुजबुज केली नाही, रागाने राजीनामा फेकला नाही, प्रतिपक्षाची निंदा केली नाही. मुद्दे कागदावर लिहिले आणि मंडळापुढे ठेवले. दोन्ही बाजूंची ती मते दप्तरात जपली गेली, म्हणूनच आज आपल्याला ती समजू शकतात. प्रश्न पुढे सरकारकडे गेला. 1848 मध्ये आलेल्या उत्तराने कोणत्याच पक्षाला पूर्ण विजय मिळाला नाही. वरच्या शिक्षणात इंग्रजीचा जोर वाढतच गेला, पण गावच्या शाळा देशी भाषांतून चालू राहिल्या. निकाल मनासारखा लागला नाही म्हणून नानांनी काम सोडले नाही. 1855 साली सरकारी शिक्षण खाते येऊन मंडळाचे काम संपेपर्यंत ते तेथे टिकून राहिले.

मुलींच्या शिक्षणाच्या बाबतीतही ते असेच ठाम होते. 1849 साली विद्यार्थ्यांच्या एका सभेने मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हा जुन्या मंडळींचा रोष पत्करून नानांनी आपल्या वाड्यात शाळेला जागा दिली. 16 एप्रिल 1853 रोजी मुंबई ते ठाणे धावलेल्या पहिल्या आगगाडीच्या उभारणीत, 1852 च्या बॉम्बे असोसिएशनमध्ये आणि 1857 साली निघालेल्या मुंबई विद्यापीठातही त्यांचा वाटा होता. 1862 साली ते मुंबईच्या कायदे कौन्सिलावर गेले. 31 जुलै 1865 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती पुढे पिढ्यान्‌पिढ्या हुशार विद्यार्थ्यांना मिळत राहिली.

वाचकहो, या चरित्रातून आपण काय घ्यावे? आज आपल्या भागातील सरकारी प्राथमिक शाळांचा कारभार जिल्हा परिषद पाहते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आवश्यक केली. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असा नियम आहे. 2012 च्या दुरुस्तीने अल्पसंख्याकांच्या व इतर अनुदानित शाळांत या समितीचे काम सल्ला देण्यापुरते ठेवले आहे. पण सल्ला म्हणजे काही क्षुल्लक गोष्ट नव्हे. निर्णय संस्थाचालकांच्या हाती असतो तेथे तर पालकांना विचारण्याची आणि त्यांना हिशेब सांगण्याची जबाबदारी अधिकच वाढते. नानांच्या वेळी इलाख्याच्या मंडळावर एतद्देशीयांना तीन जागा होत्या. आज गावच्या शाळेच्या समितीत बहुतेक जागा आई-बापांच्या आहेत. त्या रिकाम्या राहिल्या किंवा नुसत्या सहीपुरत्या भरल्या, तर दोष कोणाचा?

म्हणून पालकांना विनंती आहे की सभेची सूचना आली म्हणजे अवश्य जा. मजुरी बुडते, शेतीची कामे असतात हे खरे. पण वर्षातून थोडे दिवस मुलांसाठी काढा. हिशेब विचारा, तो समजून घ्या. न पटणारी गोष्ट चहाच्या टपरीवर न बोलता सभेत बोला आणि इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा. माता-भगिनींनी मागे बसून राहू नये. घरात वारली बोलणारे, उर्दू बोलणारे, मराठी वा गुजराती बोलणारे मूल पहिलीच्या वर्गात गप्प का बसते, हे आईइतके कोणाला ठाऊक असणार? आणि कारभारी मंडळींनीही सभेचे ठराव व जमाखर्च सर्वांना समजेल अशा सोप्या भाषेत फलकावर लावावा, विचारणाऱ्याला शत्रू मानू नये.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या या समित्यांवर तुम्हीच बसणार आहात. मुरबाडला जन्मलेल्या नानांजवळ धन होते. ते सर्वांजवळ नसते. पण चोख हिशेब, निर्भय मत आणि निकालानंतरही न सोडलेले काम, या तीन गोष्टींना धन लागत नाही. त्या अंगी बाणवा म्हणजे आपल्या शाळा आपोआप मोठ्या होतील.