डॉ. चोइथराम गिडवाणी : दया नव्हे, हक्क

बदलापूरकडून वाहत येणाऱ्या उल्हास नदीने ज्या वसाहतीला नाव दिले, त्या उल्हासनगरचा इतिहास डॉ. चोइथराम गिडवाणी यांच्या चरित्राशिवाय अपुरा राहील. पेशाने डॉक्टर असलेल्या गिडवाणींनी आयुष्य वेचले ते राष्ट्रीय चळवळीत. त्यांनी तुरुंगवास भोगला आणि सिंध प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षपदही भूषविले.

1947 साली पंजाब व बंगाल दुभंगले. सिंध मात्र अखंड पाकिस्तानात गेला. पंजाबातील कत्तली व निर्वासितांचे तांडे यांच्या छायाचित्रांनी वृत्तपत्रांची पाने भरली. कराचीहून बोटीने मुंबईस उतरणाऱ्या सिंधी कुटुंबाच्या अंगावर जखम दिसत नव्हती. म्हणून त्याला खरोखरच पळावे लागले काय, ही शंका घेणे सोपे झाले. जानेवारी 1948 मधील कराचीच्या दंगलीने त्या शंकेला उत्तर दिले. तरीही त्याच वर्षी मुंबई सरकारने निर्वासितांची नोंदणी व वास्तव्य यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा केला.

कल्याणजवळच्या ओसाड लष्करी बराकींत सुमारे एक लाख माणसे येऊन राहिली. 8 ऑगस्ट 1949 रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते तेथे नव्या नगराची कोनशिला बसली. गिडवाणी पुढे काँग्रेसबाहेर पडले आणि पहिल्या लोकसभेत ठाण्याचे प्रतिनिधी म्हणून विरोधी बाकांवरून निर्वासितांचा प्रश्न मांडत राहिले. याच लोकसभेच्या काळात, 1954 साली, नुकसानभरपाईचा कायदा झाला. परंतु भरपाई ठरली ती मागे राहिलेल्या मालमत्तेच्या मंजूर दाव्यांवरून. ज्याचे भाड्याचे घर व फेरीचा धंदा एवढेच बुडाले, त्याने दावा कशाचा करावा? पूर्व बंगालचे निर्वासित तर या कायद्याच्या कक्षेतच नव्हते.

1957 साली गिडवाणी निवर्तले. प्रश्न मात्र उरला. वृत्तपत्रांना निर्वासित दोनच रूपांत ओळखता येतो : हात पसरलेला दीन, किंवा बघता बघता दुकान थाटणारा धूर्त. पहिला दयेस पात्र ठरतो, दुसरा संशयास. उल्हासनगरच्या मालाची वर्षानुवर्षे झालेली थट्टा ही त्या संशयाचीच साक्ष होय. वस्तुतः बराकीत संसार मांडून स्वतःच्या पायांवर उभा राहिलेला माणूस पुनर्वसनास कमी पात्र ठरत नाही. त्याच्या अश्रूंवरून वा उद्योगावरून पात्रता मोजणे अन्यायाचे आहे. गाव बळाने वा भयाने सुटले, एवढा एकच निकष पुरेसा मानला पाहिजे.