घेणाऱ्या हातांना देणे शिकविणारे कर्मवीर

आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान अशी चतुर्विध दानाची परंपरा जैन समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. या परंपरेत वाढलेल्या एका महापुरुषाने तिला एक नवे वळण दिले. आज दान घेणारा विद्यार्थी उद्या स्वतः दाता व्हावा, संस्था चालविण्यास समर्थ व्हावा, आणि त्याचे हे शिक्षण प्रत्यक्ष कामातून घडावे, हा त्यांचा आग्रह होता. ते महापुरुष म्हणजे पद्मभूषण कर्मवीर भाऊराव पाटील.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील बाहुबली क्षेत्राजवळच्या कुंभोज गावी, दिगंबर जैन कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. तेथे असतानाच अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले. परतल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यापायी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. पुढे १९१४ च्या डांबर प्रकरणात, त्याच बोर्डिंगशी निगडित असलेल्या अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून त्यांचा छळ झाला. भाऊरावांनी तुरुंगवास पत्करला, परंतु असत्य पत्करले नाही. मनात कटुता न ठेवता सत्यव्रत पाळण्याचे असे उदाहरण विरळाच.

स्वतः मॅट्रिकही न झालेल्या भाऊरावांनी काही काळ ओगले यांचे कंदील आणि किर्लोस्कर यांचे नांगर विकण्याचे काम केले. या फिरतीत खेड्यापाड्यांतील अज्ञान आणि दारिद्र्य त्यांनी जवळून पाहिले. १९१९ साली कऱ्हाडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये संस्था साताऱ्यास आली. तेथील वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीत जेवू लागली. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग’ असे नामकरण झाले. मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून भाऊरावांच्या धर्मपत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, अखेरीस मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्या निवर्तल्या, पण बोर्डिंग चालू राहिले.

या बोर्डिंगात फुकटचे अन्न हा शिरस्ता नव्हता. स्वयंपाक, झाडलोट, शेती, दगडमातीची कामे ही सर्व विद्यार्थीच करीत. घरोघरच्या मूठभर धान्यातूनही ज्ञानकार्य उभे राहू शकते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. देणगी कशी मागावी, आलेला दाणा कसा पुरवावा, भिन्न जातींच्या मुलांचे एक कुटुंब कसे करावे, हे धडे त्यांना कोणत्याही क्रमिक पुस्तकाने दिले नसते.

जून १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले आणि ‘कमवा व शिका’ हे तत्त्व उच्च शिक्षणातही आले. पदवीसाठी शिकणारा तरुण हातात कुदळ घेऊ लागला. याच मुशीतून संस्थेचे आजीव सेवक तयार झाले. स्वतःची भरभराट बाजूला ठेवून त्यांनी अल्प वेतनावर संस्थेस आयुष्य वाहिले. शाहू बोर्डिंगातील एक विद्यार्थी, बॅरिस्टर पी. जी. पाटील, विलायतेहून परतल्यावर रयतच्याच सेवेत रमले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

१९४८ च्या सुमारास सरकारी अनुदान बंद झाले, तेव्हा संस्थेची खरी कसोटी लागली. केवळ तिजोरीवर उभी असलेली संस्था अशा वेळी कोसळली असती. रयत टिकली, कारण ती आपली आहे असे मानणारी माणसे तिच्याच अंगणात वाढली होती. ९ मे १९५९ रोजी भाऊरावांचे देहावसान झाले, तोवर संस्थेची शंभरावर हायस्कुले आणि तीन महाविद्यालये उभी राहिली होती. पुणे विद्यापीठाची कमवा व शिका योजना आजही त्यांच्याच नावाने चालते.

साताऱ्यापासून गोंदिया दूर, महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला आहे. तरीही भाऊरावांची रीत येथे परकी ठरू नये. या जिल्ह्यातील महाविद्यालयांतून शिकणाऱ्या तरुणांना समाज शिष्यवृत्ती देतो, ते पुण्यकार्यच आहे. परंतु धनादेश हाती पडला की त्या तरुणाचा संस्थेशी संबंध बहुधा संपतो. त्याला विश्वस्तांच्या बैठकीत बसविले, जमाखर्च लिहावयास दिला, गरजू घराची चौकशी करण्यास पाठविले, अर्जांतून खरा गरजवंत निवडण्याची जबाबदारी सोपविली, तर त्याच दानाचे मोल कितीतरी वाढेल. त्याच्या हातून काही चुका होतील, त्या वडीलधाऱ्यांनी सांभाळून घ्याव्यात. पन्नास वर्षे चाललेल्या कोणत्याही संस्थेपुढे पुढील पन्नास वर्षे ती कोण चालविणार, हा प्रश्न असतोच. कर्मवीरांनी त्याचे उत्तर आपल्या बोर्डिंगातील मुलांमध्येच शोधले होते.